सलून, साडीचं दुकान आणि गिरणी : तीन पडद्यांच्या नोंदी

नाशिकमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. दोन लग्नांच्या मधल्या दिवसांत मी स्वतःची कामं करते. त्यात गोष्ट नसते, गाणं नसतं, निवेदनही नसतं. याला व्हिडिओ आर्ट म्हणतात. दुकानदारासमोर हा शब्द काढला की तो आधी विचारतो ‘किती पैसे?’, मग विचारतो ‘कसली जाहिरात?’. आपल्या गावात कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या. वाया गेलेले दिवसही लपवलेले नाहीत.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

मामाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसून यादी केली. अट एकच होती, माणूस जिथं कामासाठी थांबतोच अशी जागा. मामा म्हणाला, “तुझं चित्र चांगलं का वाईट ते मला नाही कळत. पण दुकानातला टीव्ही म्हणजे रिमोट. तो कुणाकडं राहणार ते आधी ठरव.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि विषय सोडून दिला. पुढच्या निम्म्या नोंदी त्या ‘हो हो’मुळे लिहायला लागल्या.

२० ऑगस्ट

नकार. मिसळवाल्या ताई म्हणाल्या, “अगं, माणूस बघत बसला तर टेबल कधी रिकामं होणार? रविवारी बाहेर रांग असते माझ्याकडं.” मुद्दा बिनतोड आहे. मोबाइलच्या दुकानात पडदे भरपूर, पण त्यांवर कंपनीच्या फिती चालू ठेवायचं बंधन. एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये डॉक्टर हो म्हणाले, रिसेप्शनवरच्या बाई नाही म्हणाल्या. तिथं बाईंचंच चालतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तीन होकार मिळाले. पंचवटी कारंजाजवळचं एक जेंट्स सलून, मेन रोडवरचं साड्यांचं दुकान (त्यांची काचेची दर्शनी खिडकी) आणि सिडकोतली एक पिठाची गिरणी. सलूनमध्ये टीव्ही आहे. बाकी दोन जागांसाठी मामाकडून ३२ इंची जुने एलईडी घेतले, ३,५०० रुपयांना एक. भाची म्हणून पाचशे कमी केले असं त्याचं म्हणणं.

तिन्ही ठिकाणी फिती मूक ठेवायच्या असं ठरवलं. दुकानात गाणी वाजवायची तर सार्वजनिक वादनाचा परवाना लागतो, ती भानगड आपण दुकानदाराच्या गळ्यात का घालायची? शिवाय सलूनमध्ये रेडिओ असतो आणि गिरणीत मोटर. आवाज ऐकणार कोण?

२ सप्टेंबर, मंगळवार : सलून

सलून निवडण्यामागं एक हौस होती. डारा बर्नबाउम या अमेरिकी कलावतीनं १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या सोहो भागात एका सलूनच्या खिडकीत आपली फीत लावली होती. मला वाटलं, आपलंही तसंच.

तसं झालं नाही. तिथं पडदा रस्त्याकडं तोंड करून होता. इथं टीव्ही खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर आहे. खुर्चीतला माणूस तो आरशातून बघतो, म्हणजे उलटा. बाकावरचा माणूस सरळ बघतो. मी लावलेली फीत तांबट आळीतली, नऊ मिनिटांची : तांब्याच्या हंड्यावर पडणारा हातोडा, फक्त हात आणि भांडं. मधेमधे पडद्यावर मी लिहिलेल्या चार ओळी होत्या. दाढीला बसलेल्या आजोबांनी फेसाळलेल्या तोंडानं विचारलं, “हे उर्दू आहे का?”

घरी येऊन ओळी उलट्या केल्या. मग बाकावरच्यांना उर्दू. दुसऱ्या दिवशी ओळी काढूनच टाकल्या आणि लक्षात आलं की त्या नकोच होत्या. हातोडा दोन्ही बाजूंनी हातोडाच दिसतो. डावखुरा एवढंच.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरवर पेनड्राइव्ह लावला होता. फीत संपली की दोन सेकंद काळा पडदा येतो आणि वरच्या कोपऱ्यात फाइलचं नाव झळकतं. दर नऊ मिनिटांनी अख्ख्या सलूननं ‘तांबट फायनल फायनल ३’ वाचलं.

उपाय असा : एडिटमध्येच तीच फीत पुन्हापुन्हा जोडून दोन तासांची एक फाइल केली. पहिल्यांदा सेकंदाला ८ मेगाबिटला (जितका आकडा मोठा तितकी फाइल जड) काढली, ती सात जीबीच्या वर गेली. जुने टीव्ही बहुधा फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेलेच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ४ मेगाबिटला ३.६ जीबी झाली. ३२ इंचावर, सहा फुटांवरून, फरक मलाही दिसला नाही. आणि फाइल एच.२६४ या व्हिडिओच्या जुन्या प्रकारातच काढा. एच.२६५ ला या टीव्हीनं सरळ ‘चालत नाही’ म्हटलं.

५ सप्टेंबर

सलूनवाल्या दादांचा फोन आला. “ताई, तुमचं ते ठोकाठोकीचं आपोआप बंद होतं.” चार तास रिमोटला हात लागला नाही की टीव्ही स्वतः झोपतो, वीज वाचवायला. सेटिंगमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद केलं. एवढ्यासाठी पंचवटीत दोन फेऱ्या.

९ सप्टेंबर, मंगळवार : साडीचं दुकान

टीव्ही, स्टँड आणि मामा, सगळं रिक्षातून नेलं. काका गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत. “पितृपक्ष लागलाय. घटस्थापनेच्या आधी दुकानात नवीन काही लावायचं नाही.” मी म्हटलं, काका, पण हे विकायचं नाहीये. ते म्हणाले, “मग तर अजिबातच नको.”

कॅलेंडर भिंतीवर असून मी बघितलं नव्हतं. रामकुंडावर या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि मेन रोडवर साड्यांच्या दुकानात शुकशुकाट. गिऱ्हाईक कमी, पडदा मोकळा, असा हिशोब मी केला होता. दुकानदाराचा हिशोब वेगळा असतो. रिक्षाचे येण्याजाण्याचे ३२० रुपये.

त्यातून एक मिळालं. काका बोलत असताना मी दुकान बघत होते. आत आलेली प्रत्येक बाई आधी गल्ल्यावरच्या सीसीटीव्हीच्या पडद्याकडं बघते, स्वतःला शोधते, पदर सारखा करते. माझ्या कुठल्याही फितीला एवढा खात्रीचा प्रेक्षक मिळालेला नाही. शाइना आनंद या कलावतीनं २००६ मध्ये दिल्लीच्या ‘खिडकी’ नावाच्या भागात हेच धरलं होतं. स्वस्तातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि टीव्ही केबलनं जोडून घरं आणि दुकानं एकमेकांशी बोलती केली होती. माझ्याकडं तेवढी केबलही नाही आणि तेवढी माणसंही नाहीत. पण मान आपोआप जिथं वळते तिथं पडदा ठेवायचा, हे डोक्यात बसलं.

१३ सप्टेंबर, शनिवार : गिरणी

गिरणीत तीन अडचणी, आणि तिन्ही मामानं आदल्या दिवशीच सांगितल्या होत्या.

पहिली पीठ. टीव्हीच्या मागच्या जाळीतून ते आत जातं. पावसाळी हवेत ओल धरतं आणि बोर्डवर अक्षरशः खळ तयार होते. मामानं जाळीवर जुन्या मलमलच्या धोतराचा एकेरी थर लावला. दुहेरी लावला तर टीव्ही तापतो. दर रविवारी कापड झटकायचं. टीव्ही पिठाच्या तोटीपासून लांबच्या भिंतीवर, सात फुटांवर बसवला.

दुसरी वीज. दहा हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली की बल्ब क्षणभर लाल होतो. तेवढ्यात टीव्ही बंद पडून पुन्हा चालू होतो आणि मेन्यूवर जाऊन थांबतो. पेनड्राइव्ह आपोआप वाजत नाही. दिवसभरात मोटर वीसपंचवीस वेळा बंद-चालू होते. मामाकडं कॉम्प्युटरचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस पडून होता, त्याला ९५० रुपयांची नवी बॅटरी घातली. टीव्ही घेतो ५० वॅटच्या आसपास, म्हणजे यूपीएसला काहीच नाही. तेव्हापासून एकदाही अडलं नाही.

तिसरी अडचण माझी. मी लावलं होतं गोदावरीचं पाणी. गाडगे महाराज पुलाखालून घेतलेला, कॅमेरा न हलवलेला अकरा मिनिटांचा एकच शॉट. माझं आवडतं काम. एका काकूंनी डबा खाली ठेवला, दोन मिनिटं बघितलं आणि गिरणीवाल्यांना म्हणाल्या, “भाऊ, तुमचा टीव्ही हँग झालाय.”

१४ सप्टेंबर, रविवार

भारत-पाकिस्तान. सलूनमध्ये तांबट गेले, क्रिकेट आलं. दादांनी फोन करून सांगितलं तरी, हे विशेष. सोमवारी सलूनला सुट्टी. मंगळवारी कुणी पुन्हा पेनड्राइव्ह लावला नाही. बुधवारीही नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सलूनमध्ये जाऊन बसले. पुरुषांच्या सलूनमध्ये एक बाई बाकावर बसून टीव्हीकडं बघतेय याचा सगळ्यांनाच संकोच. दादांना सरळ विचारलं, का नाही लावत? ते म्हणाले, “ताई, लावायला सात बटणं दाबावी लागतात. हातात वस्तरा असतो माझ्या.”

मोजलं. खरंच सात. सोर्स, यूएसबी, फोल्डर, फाइल आणि मधले ‘ओके’. रिमोट कुणाकडं हे मामानं विचारलं होतं ते यासाठी. मी तीन महिने फितीवर घालवले आणि सात बटणांवर सात मिनिटंही नाही. सलूनला रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर, बसवायचं ठरवलं. वीज आली की फीत स्वतः सुरू होते. मॅच बघायची तर सोर्सचं एक बटण, परत यायचं तर पुन्हा तेच.

पाय ४, अडॅप्टर आणि डबी मिळून ५,६०० रुपये. त्याला दिलेली १० मीटरची एचडीएमआय केबल (८५० रुपये) फुकट गेली, तिच्यावर चित्र अधूनमधून जायचं. दोन मीटरची घरात होती, ती लावून पाय टीव्हीच्या मागंच चिकटवला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सलूनच्या पायचं मेमरी कार्ड दोन दिवसांत मेलं. रात्री शटर ओढताना दादा मेन स्विचच पाडतात, आणि पाय चालू असताना वीज तोडली की कार्डवर लिहिणं अर्धवट राहून ते खराब होऊ शकतं. नवीन कार्ड घातलं, आणि या वेळी सेटिंगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू केली. मग कार्डवर काही लिहिलंच जात नाही, कितीही वेळा स्विच पाडा. हे पहिल्याच दिवशी करा. मला ४५० रुपये आणि एक रविवार पडला.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

ठरवलं होतं की आज तिन्ही पडदे एकाच वेळी सुरू करायचे. सोमवार, सलून बंद. हेही कॅलेंडरवर होतं.

साडीच्या दुकानात काकांनी टीव्हीला हळदकुंकू लावून नारळ फोडला. खिडकीत रामकुंडाजवळ वाळत घातलेल्या कपड्यांची फीत. दुपारी चार वाजता बाहेरून बघितलं तर खिडकीत फक्त मी दिसत होते, आणि माझ्यामागचा मेन रोड. दुकानाचं तोंड पश्चिमेला. घरगुती टीव्हीचा उजेड साधारण तीनशे निट्सचा (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप). उन्हाकडं तोंड केलेल्या काचेमागं दिसायचं तर त्याच्या सातआठपट लागतो, आणि तसल्या पडद्याची किंमत विचारून मी गप्प बसले.

टीव्ही काचेला जवळ आणला, दहाएक अंश खाली झुकवला, मागं काळं कापड लावलं. साडेसहानंतर छान दिसतं. त्याआधी नाही. सांज ते दुकान बंद होईपर्यंत, असा अडीच तासांचा खेळ ठरला. काकांनी विचारलं, “यात आमच्या साड्या कधी येतात?” मी म्हटलं, येत नाहीत. ते बराच वेळ फीत बघत राहिले. मग म्हणाले, “ती निळी नऊवारी आमच्याकडची असेल.” असेलही.

२३ सप्टेंबर : गिरणीसाठी नवीन

हँग झालेल्या पाण्याच्या जागी काय लावायचं ते काल घट बसवताना सुचलं. आमच्या घटाखाली परडीत माती आणि त्यात पेरलेले गहू. त्याच्यासमोर जुना फोन चार्जरला लावून तिवईवर बसवला, दर दहा मिनिटांनी एक फोटो. दिवसाचे १४४, म्हणजे २५ फ्रेमच्या वेगानं पावणेसहा सेकंद. रोज सकाळी त्या दिवसापर्यंतचं सगळं जोडून गिरणीत न्यायचं. धान्य दळायला आलेल्या माणसाला धान्य उगवताना दाखवायचं, यापलीकडं काही डोक्यात नव्हतं.

यात नवीन काहीच नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याचं उगवणं थोडंथोडं करून चित्रित केलं होतं, चित्रपटाला भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही शाळेच्या सहलीत तिथं डबे खाल्लेत. तो वाटाणा मात्र आठवायला एवढी वर्षं लागली.

आज मातीशिवाय काहीच नाही. गिरणीवाले भाऊ म्हणाले, “पेरलंय का नक्की?”

२५ सप्टेंबर, चौथी माळ

अंकुर दिसले. आणि आईनं तिवई हलवली. फुलांची माळ बांधायला हात पोचत नव्हता. चित्र एकदम डावीकडं उडी मारतं. मी चिडले, आई म्हणाली, “घट देवीचा आहे, तुझ्या फोनचा नाही.” उडी तशीच ठेवली.

रात्री ट्यूब बंद झाली की फक्त अखंड दिव्याचा उजेड. फोनचं एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) कुलूपबंद केल्यानं चित्र जवळजवळ काळं पडतं. म्हणजे पावणेसहा सेकंदांत एक उजेड, एक अंधार. गिरणीत दोघांनी वर बल्बकडं बघितलं, लाइट गेली का म्हणून. सुधारता आलं असतं. मला आवडलं.

फाइलच्या नावाची खोडही इथं कामी आली. नाव झळकणारच आहे तर ‘चौथी माळ’ असंच ठेवू म्हटलं. या टीव्हीनं देवनागरीऐवजी चार चौकोन दाखवले, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं.

२७ सप्टेंबर

सलूनमध्ये चिटपाखरू नाही. नवरात्रात दाढी-कटिंग न करणारे खूप. म्हणजे पितृपक्षात बंद पडलेला, नवरात्रात रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेला, असा माझा पडदा. दादा मात्र खूश होते. गिऱ्हाईक नसताना ते स्वतः बघत होते आणि त्यांनी एक चूक काढली. “तिसरा माणूस आहे ना, त्याच्या हातोड्यावर पट्टे पळतात.” बरोबर. तांबटाच्या दुकानातल्या एलईडी दिव्याखाली मी कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावर ठेवलं होतं. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० ठेवायचं. लग्नात कधी चुकत नाही, स्वतःच्या कामात चुकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

आशिया कपची फायनल. सलूनमध्ये एक बटण दाबून मॅच, रात्री दुकान बंद. मंगळवारी सकाळी स्विच पाडला-उचलला, तांबट हजर. बटणाचा उपाय चालला.

२९ सप्टेंबर, सोमवार

गिरणीत आज मी कोपऱ्यात पोत्यावर बसून फक्त बघितलं. एक आजी रिकाम्या हातानं आल्या. दळण नव्हतं. “आज केवढं झालं गं?” असं भाऊंना विचारून, एक फेरा बघून गेल्या. भाऊ म्हणाले, परवापासून येतात. आमच्याकडं दाट आलंय की त्यांच्याकडं, हे ताडून बघतात.

एका माणसानं सांगितलं की माती जास्त ओली आहे, बुरशी येईल. आईला निरोप दिला. तिला राग आला, पण पाणी कमी घातलं.

१ ऑक्टोबर

साडीच्या दुकानासमोर गजरे विकणाऱ्या मावशींनी छत्री बरोबर खिडकीसमोर लावली. काकांनी हटकलं. मावशी म्हणाल्या, “मग माझ्याकडं तोंड करून लावा, मी बघते ना रोज.” खरंय, अडीच तास सलग बघणाऱ्या त्या एकट्याच. टीव्ही थोडा डावीकडं वळवला, छत्री होती तिथंच राहिली.

२ ऑक्टोबर, दसरा

एक तिथी वाढल्यानं यंदा घट दहा दिवस होते. १,४४० फोटो, ५७ सेकंद. घट उठवताना आईचे हात आत येतात आणि अंकुर उपटतात, तिथं फीत संपते. गिरणीत मोटरला, चाळणीला झेंडूचे हार घातले होते. टीव्हीलाही एक. हारानं वरचा एक तृतीयांश पडदा झाकला आणि उंच वाढलेले शेंडे दिसेनात. काढा असं कुठल्या तोंडानं सांगू? भाऊंनी टोपीत आमच्याच घटातले अंकुर खोवले होते.

६ ऑक्टोबर

हिशोब : टीव्ही दोन ७,०००. पाय ५,६००. कार्ड दोन ९००. पेनड्राइव्ह तीन १,३५० (एक हरवला). वाया केबल ८५०. भिंतीचे स्टँड ७००. यूपीएसची बॅटरी ९५०. कापड, स्क्रू, पट्ट्या ६२०. रिक्षा १,१००. एकूण १९,०७० रुपये. मामाचे तास धरलेले नाहीत, तो धरू देत नाही. विजेचं प्रत्येक दुकानदार विचारतो, तेव्हा आकडा तोंडपाठ ठेवा : ३२ इंची टीव्ही दहा तास चालला तर साधारण अर्धा युनिट.

९ ऑक्टोबर

काकांनी खिडकी परत मागितली. दिवाळीत तिथं पुतळे लागतात. टीव्ही घरी आणला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मलमल झटकायला गिरणीत गेले. भाजणीच्या डब्यांची रांग दारापर्यंत, पाऊण तासाची. पडद्यावर घटाचीच फीत चालू होती. भाऊ म्हणाले, “आता हे काढा, दसरा झाला. भाजणी दाखवा, भाजताना.” आई मंगळवारी भाजणार आहे. कढईच्या बरोबर वर कॅमेरा धरला की लेन्सवर वाफ धरते, मागच्या वर्षी एका हळदीच्या स्वयंपाकघरात अनुभव घेतलाय. त्याचं काय करायचं ते मामाला विचारायचंय.